सातवा नारळ

शिगम्यात, म्हणजे गोव्यातल्या आमच्या शिमग्यात, गावच्या मांडावर, सणासाठी गाव जमतो त्या पवित्र जागेवर, नारळ ठेवायची ओळ ठरलेली आहे. पहिला नारळ सातेरी देवीच्या रोयणीचा, म्हणजे वारुळाचा. दुसरा गावपुरुसाचा. तिसरा, चौथा आणि पाचवा तीन वांगडांचे, म्हणजे ज्यांना आम्ही गावकर म्हणतो त्यांच्या तीन कुळांचे. सहावा राण्यांचा. सातवा आमचा, भटांचा. आठवा धनगरांचा. तिथे ओळ संपते आणि ढोल वाजू लागतो.

लहानपणी मला या सातव्या जागेचा फार राग यायचा. गावात आमचं घर मोठं, कुळागर म्हणजे सुपारीची बाग आमची, पोथ्या-पुस्तकं आमच्याकडे, देवळातली पूजाही आमच्याच घराकडे. तरी नारळ सातवा कसा? एका शिगम्याला मी तो राग घेऊन घरी आले आणि आजीला विचारलं. आजी मागच्या पडवीत सुपाऱ्या सोलत बसली होती. हातातलं काम न थांबवता ती म्हणाली, "अगो, ती ओळ मोठेपणाची नव्हे. जो जसा आला तसा बसला."

"म्हणजे आपण मागून आलो?"

"मागूनच तर आलो. त्यांनी जागा दिली म्हणून बसलो."

तेव्हा मी नऊ-दहा वर्षांची असेन. सत्तरीच्या इतिहासावर पुढे बरंच काही वाचलं, पण आजीच्या या दोन वाक्यांनी जेवढं उलगडलं तेवढं दुसऱ्या कशानेच उलगडलं नाही, असं मला आज मनापासून वाटतं.

सत्तरी म्हणजे सत्तर गावं, असं आमच्याकडे सांगतात. गोव्याच्या ईशान्येला सह्याद्रीच्या उतारावर आणि पायथ्याशी पसरलेला हा तालुका. गोवा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे समुद्र येतो. आमच्या डोळ्यांपुढे वाघेरीचा डोंगर येतो, सोसोगड येतो, म्हादई आणि तिला मिळणारे व्हाळ येतात. समुद्र आमच्या आजीने आयुष्यात दोनदाच पाहिला.

बाबा गेले त्या वर्षी कागदपत्रांसाठी मला गावी बरेच दिवस राहावं लागलं. जमिनीच्या नोंदीचे एक-चौदाचे उतारे, घराचे कागद, पोर्तुगीज भाषेतले जुने दोन-चार दस्तऐवज. त्या निमित्ताने घरातली सगळी पेटी उपसली. आपण इथे कधी आलो याचा एखादा तरी पुरावा सापडेल, अशी आशा होती. सर्वांत जुना कागद पणजोबांच्या काळचा निघाला. त्याच्या आधीचं काहीच नाही. रत्नागिरीकडून कोणीतरी एक पूर्वज डोंगर उतरून इथे आला, एवढंच घरात तोंडातोंडी चालत आलेलं. घरात आम्ही आजही आमची चित्पावनी बोली बोलतो, गावात कोकणी, आणि वाचन-लेखन मराठीत. या तीन भाषांची घडी हाच आमच्या येण्याचा पुरावा, असं म्हणायचं.

डोंगराकडे कागद कमीच. गोव्यातला सर्वांत जुना लेख मानला जातो तो शिरोड्याचा ताम्रपट, भोज राजा देवराजाचा, साधारण चौथ्या शतकातला. तो खालच्या, सपाट, खाडीकाठच्या मुलखातला. राजधान्याही तिकडेच, आधी चंद्रपूर म्हणजे आजचं चांदोर, मग कदंबांचं गोपकपट्टण. राजाला दान करायला पिकाऊ जमीन लागते, आणि दान झालं की ताम्रपट होतो. डोंगरात कोण दान करणार आणि कोणाला? म्हणून इथला इतिहास तांब्यावर आला नाही. तो दगडावर आला, पाण्याच्या वाटणीत आला आणि नारळांच्या ओळीत आला.

दगडाचं आधी सांगते. आमच्या तालुक्यात म्हाऊस नावाचं गाव आहे. तिथे झर्मे नदीच्या पात्रात काळ्या खडकावर कोरलेली चित्रं आहेत. वशिंडाचे बैल आहेत, त्रिशूळ आहेत, माणसाच्या पावलांचे ठसे आहेत. मी पहिल्यांदा गेले ती एप्रिलमधली सकाळ होती. पाणी आटलेलं, खडक तापू लागलेला. सोबतच्या गावकऱ्याने ओंजळीने पाणी घेऊन खडकावर शिंपडलं आणि कोरीव रेघ ओली होऊन एकदम वर आली. बैलाची पाठ, मग वशिंड, मग शिंगं. पाणी सुकलं तसा बैल पुन्हा दगडात गेला. अभ्यासक ही चित्रं नवाश्मयुगाकडे नेतात. मला मात्र त्या दिवशी काळापेक्षा जागा जास्त बोलकी वाटली. ही माणसं नदीच्या पात्रात उतरून, पाणी ओसरल्यावर, उन्हात बसून कोरत होती. म्हणजे उन्हाळ्यात ती इथे होती, गुरं त्यांच्या मनात होती, आणि नदीचा वर्षाचा फेरा त्यांना पाठ होता.

दक्षिणेला सांगे तालुक्यात कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळ आहे. तिथला दगड जांभा. त्या जांभ्याच्या सपाट कातळावर शंभराहून अधिक आकृत्या आहेत. बैल आहेत, हरणं आहेत, एकात एक फिरत जाणारी वर्तुळांची चक्रं आहेत. 1993 साली पुरातत्त्वाच्या अभ्यासकांनी त्या जगासमोर आणल्या. पण तिथल्या लोकांना त्या आधीपासून ठाऊक होत्या. त्यांनी सांगितलं म्हणूनच तर अभ्यासक तिथे पोचले. याला 'शोध लागला' म्हणतात ते मला खटकतं. ज्यांच्या गुरांचे खूर त्या कातळावरून रोज जात होते, त्यांनी तो आधीच शोधलेला होता.

त्या कोरणाऱ्या हातांचं आणि आमच्या गावच्या तीन वांगडांचं नातं आहे का? ते कोणालाच जोडता येणार नाही, आणि मी जोडत नाही. पण मांडावरचा पहिला नारळ वांगडांचाही नाही, तो रोयणीचा आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.  आमच्या सातेरीच्या गाभाऱ्यात मूर्तीच्या आधी रोयण आहे. मातीतून वर आलेली, उंच, कुठे भेगाळलेली. या भागातल्या कित्येक सातेरी अशाच. गावात माणूस येण्याआधी माती होती, मुंगी होती, नाग होता. ज्यांनी ही ओळ पहिल्यांदा लावली त्यांना हे माहीत होतं की आपणही नंतरचेच. दुसरा नारळ गावपुरुसाचा, म्हणजे ज्याने पहिल्यांदा इथे रान मोडून वस्ती केली त्या मूळपुरुषाचा. त्याला नाव नाही. देवळाबाहेर एका झाडाखाली अनघड दगड आहे, तोच तो. नावाशिवाय इतकी शतकं आठवणीत राहण्याचं भाग्य फार थोड्यांना मिळतं.

गाऱ्हाणं घालताना जाणता गावकर ही सगळी नावं घेतो. सीमेवरचा राखणदार, अमक्या व्हाळावरचा देवचार, केळबाय, बेताळ, ब्राह्मणी, वाघ्रो, आणि प्रत्येक नावाच्या शेवटी बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणतात. नीट ऐकलं तर ती गावाच्या हद्दीची फेरी असते. कुठल्या दिशेने कुठवर रान आपलं, कुठे दुसऱ्या गावाची मेर लागते, पाणी कुठून येतं, सगळं त्यात असतं. केळबाय म्हणजे हत्तींनी कलशाने न्हाऊ घातलेली गजलक्ष्मी. कदंबांच्या काळातल्या तिच्या शिळा सत्तरीत जागोजागी आहेत, वीरगळही आहेत. पण गाऱ्हाण्यात कदंब राजाचं नाव येत नाही. त्याच्या काळात कोरलेली केळबाय येते.

पहिल्या वस्तीने पोट कसं भरलं याचं उत्तर दोन शब्दांत आहे. कुमेरी आणि पुरण. कुमेरी म्हणजे उतारावरचं रान तोडून, जाळून, त्या राखेत नाचणी-वरी पेरायची आणि दोन-तीन वर्षांनी ती जागा रानाला परत द्यायची. ती पुढे सरकारी नियमांनी बंद झाली. पुरण मात्र मी डोळ्यांनी पाहिली आहे, आणि तिच्याबद्दल बोलायला लागले की मला थांबता येत नाही.

पावसाळा ओसरला की डोंगरातल्या नदीचं पात्र उघडं पडतं. गोटे, वाळू, मधून एक धार. जिथे नदी वळण घेते आणि पात्र रुंद असतं तिथे सगळे मिळून गोटे रचतात, फांद्या आणि पाला घालतात, धार एका बाजूला वळवतात. मग मोकळ्या झालेल्या पात्रात माती-गाळ पुरतात, म्हणजे भरतात. त्यावरून नाव पुरण. त्या भरावात भात लावायचं. पाणी शेजारून वाहतच असतं, हवं तेवढं आत घ्यायचं. पीक मिरगाच्या आत कापायचं. कारण पहिला मोठा पूर आला की बांध, माती, खुंट सगळं नदी परत घेऊन जाते. पुढच्या वर्षी पुन्हा सुरुवात. सपाट जमीन जवळ नाही म्हणून नदीकडून वर्षातले काही महिने जमीन मागून घ्यायची आणि वेळेवर परत करायची, अशी ही शेती. हे एकट्या घराचं काम नाही. बांध घालायला सगळी घरं लागतात, म्हणून कोणत्या घराने किती यायचं, कोणाला किती तुकडा, हे ठरवायला गाव लागतो. माझी अशी खात्री आहे की आमच्या डोंगरातली गावकी राजाच्या हुकमाने जन्माला आलेली नाही, ती नदीच्या पात्रात गोटे उचलताना जन्माला आली. आज पुरण घालणारी गावं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत.

डोंगर म्हणजे जगाचा शेवट, ही समजूत किनाऱ्यावरून पाहणाऱ्यांची. आमच्या केरीतून केळघाट चढून चोर्ल्याला जाणारी वाट जुनी आहे. बैलांच्या पाठीवर मीठ वर जायचं आणि घाटावरचं धान्य खाली यायचं. दक्षिणेला तांबडी सुर्लचं महादेवाचं देऊळ अशाच घाटवाटेच्या पायथ्याशी उभं आहे, कदंबांच्या काळचं, बाराव्या-तेराव्या शतकातलं. गोव्याचा दगड म्हणजे जांभा, पण या देवळाचा दगड काळसर करडा, नाजूक कोरीव कामाला योग्य. एवढं देऊळ एवढ्या रानात कशाला बांधलं, असं तिथे आलेला प्रत्येक जण विचारतो. तेव्हा तिथे रस्ता होता, हे उत्तर. रस्ता सरला, रान परत आलं, आणि त्या रानानेच देऊळ वाचवलं.

वाळपईपासून सहा-सात किलोमीटरवर ब्रह्मकरमळी आहे. तिथे ब्रह्मदेवाची पूजा होते, आणि ब्रह्मदेवाची देवळं आपल्या देशात किती विरळ ते सांगायला नको. काळ्या दगडाची, दाढी असलेली, उभी मूर्ती. ही मूर्ती मूळची किनाऱ्याकडच्या तिसवाडी तालुक्यातल्या करमळीची. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी तिसवाडीतली देवळं पाडायला सुरुवात केली तेव्हा भक्तांनी तिला तिथून हलवलं आणि नदी-डोंगर ओलांडत इथवर आणलं. नवीन जागेला त्यांनी जुन्याच गावाचं नाव दिलं. मी जेव्हा जेव्हा त्या देवळात जाते तेव्हा माझ्या मनात मूर्तीपेक्षा ते नाव घोळत राहतं. माणसांना घर, शेत, विहीर काहीच बरोबर आणता आलं नाही. देव आणला आणि गावाचं नाव आणलं. आणि इथे आधीपासून असलेल्या गावकऱ्यांनी त्या देवाला आणि त्या नावाला जागा दिली. डोंगरात त्या काळी किती जणांना अशी जागा मिळाली असेल, त्याची नोंद कुठेच नाही.

सहावा नारळ राण्यांचा. गोव्याच्या इतिहासात सत्तरी म्हटलं की राणेच येतात, आणि त्यात नवल नाही. अठराव्या शतकात हा मुलूख पोर्तुगिजांच्या नव्या काबिजादींत, म्हणजे नंतर जिंकलेल्या मुलखांत गेला, पण राण्यांनी त्यांना सुखाने राज्य करू दिलं नाही. 26 जानेवारी 1852 रोजी दिपाजी राण्यांनी नाणूसचा किल्ला घेतला आणि त्यानंतर 1855 पर्यंत, तीन वर्षांहून अधिक काळ, रानाच्या आधाराने झुंज दिली. 1895 मध्ये मोझांबिकला जायला नकार देऊन बंड केलेले मराठा सैनिकही नाणूसलाच येऊन बसले आणि दादा राणे त्या बंडात उतरले. नाणूस वाळपईच्या अगदी जवळ. लहानपणी तिथल्या पडक्या तटावर उभं राहून बाबांनी मला हे सारं सांगितलं होतं आणि सांगताना त्यांचा आवाज चढला होता. अशी सत्ता, असा पराक्रम, गावंच्या गावं मोकासा म्हणून हातात. तरी मांडावर नारळ सहावा. वांगडांच्या नंतर. तलवार घेऊन आलेल्यालाही या ओळीत पुढे घुसता आलं नाही, आणि राण्यांनी ते मानलं, हे मला त्यांच्या बंडाइतकंच मोठं वाटतं.

मग आम्ही. आमच्या पूर्वजाने येताना सुपारीची विद्या आणली. डोंगराच्या कुशीतला ओलावा बघून कुळागर कुठे लावायचं, वरच्या झऱ्याचं पाणी पाटाने कसं आणायचं, सुपारी, माड, केळी, मिरी, जायफळ एकाच्या सावलीत एक कसं वाढवायचं. आमचा पाट अजून वाहतो. पण त्याचं पाणी आधी गावकरांच्या मळ्याला आणि मग आमच्या बागेला, ही पाळी त्याच दिवसापासूनची असावी ज्या दिवशी सातवा नारळ ठरला. चवथीला आमच्या घरची माटोळी, गणपतीवरचं फळा-पानांचं छत, बांधतात तेव्हा सुपारीचा घोस आणि तोरिंजन आमच्या कुळागरातलं असतं, पण कांगलां, कवंडळं, घागऱ्या ही रानची फळं वांगडांच्या घरची मुलं आणून देतात. कुठल्या झाडाखाली काय सापडतं ते त्यांना ठाऊक. आम्ही इतक्या पिढ्या इथे राहिलो तरी रान आम्हांला अर्धंच कळतं.

धनगर आमच्या नंतरचे, म्हशी घेऊन डोंगराच्या माथ्यावरून आलेले. त्यांच्या गोठ्यांचं शेणखत आमच्या बागेला आणि आमच्या बागेचं गवत-पाला त्यांच्या गुरांना, असा व्यवहार आजोबांच्या वेळेपर्यंत पैशाशिवाय चालला. 1999 मध्ये या डोंगरावर 208 चौरस किलोमीटरचं म्हादई अभयारण्य झालं. रान राखलं जावं असं मलाही तळमळीने वाटतं. पण अभयारण्याच्या रेषेच्या आत गोठे होते, घरं होती, देवराया होत्या, आणि त्या माणसांशी जेवढं बोलायला हवं होतं तेवढं कोणी बोललं नाही. 2020 च्या जानेवारीत गोळावलीच्या रानात चार वाघ मेलेले सापडले. त्या आठवड्यात मी गावी होते. आमच्या गाऱ्हाण्यात वाघ्रो देव आहे, त्याला त्याची मेर सांगितलेली आहे, आपल्याला आपली. कित्येक शतकं तोंडातोंडी पाळलेली ती मेर आमच्या हयातीत मोडली, याचं दुःख गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडावर मी पाहिलं.

आणि जमिनीचे कागद? ज्यांचे नारळ तिसरा, चौथा, पाचवा, त्यांतल्या कित्येकांच्या नावावर ते कसतात ती जमीनच नाही. मोकासा, आल्वारा म्हणजे पोर्तुगीज काळचे जमिनीचे पट्टे, सरकारी रान अशा शब्दांत ती अडकून आहे. माझ्या हातात बाबांच्या एक-चौदाचा उतारा आहे आणि ज्यांनी आम्हांला बसायला जागा दिली त्यांच्या हातात काही नाही. 2021 च्या जानेवारीत मेळावलीत आयआयटीसाठी जमीन मोजायला लोक आले तेव्हा तिथल्या बायकामाणसांनी वाट अडवली, आणि अखेर तो प्रकल्प तिथून हलला. त्या बायकांकडेही दाखवायला फारसे कागद नव्हते. त्यांच्याकडे रोयण होती, मांड होता.

यंदाच्या शिगम्याची गोष्ट. आमच्या कुळागरात घाटावरचं एक कुटुंब बावीस वर्षं राहतं आहे. नवरा माडावर चढतो, बायको पाटाची राखण करते. थोरला मुलगा इथेच जन्मला, रोमटामेळात, शिगम्याच्या मिरवणुकीत, ढोल वाजवतो, आणि गावात त्याच्यासारखा ढोल कोणाचा नाही. त्याच्या बापाने पुनवेच्या आधी गावकारमामांकडे जाऊन विचारलं होतं, आमचा एक नारळ मांडावर ठेवला तर चालेल का? मामांनी लगेच उत्तर दिलं नाही. मांडावर सगळे जमले तेव्हा त्यांनी एकेका घराला ओळीनेच विचारलं. वांगडांनी मान हलवली. राण्यांच्या घरचा मुलगा हो म्हणाला. मग मामांनी मांडाच्या कडेला बायकांत उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. बाबा नाहीत, भाऊ परदेशात. आमच्या घरचं उत्तर त्या दिवशी माझं होतं.

"बाये, तुका कितें दिसतां?"

मला मागच्या पडवीतली आजी दिसली. मी हो म्हटलं. माझ्यामागून धनगरांचा म्हातारा हो म्हणाला.

पण फळीवर जागा नव्हती. ती फणसाची जुनी फळी आठ नारळांचीच. मामा वाकले. पहिला नारळ त्यांनी जिथे होता तिथेच ठेवला, रोयणीचा नारळ हलत नाही. गावपुरुसाचाही राहिला. मग तिसरा त्यांनी स्वतःच्या हाताने बोटभर अलीकडे घेतला, चौथा, पाचवा आपापल्या घरच्यांनी घेतले, राण्यांच्या मुलाने सहावा. आमच्या घरातर्फे बारा वर्षांचा पुतण्या अनवाणी पुढे गेला, आमचा नारळ दोन्ही हातांनी धरला आणि सहाव्याला टेकवून ठेवला.